गच्चीवर तरवड फुलला

तेलंगणातलं आमचं नार्नूर सोडलं त्या सकाळी फाट्यापर्यंत सगळी आळी जय भीम करायला आली होती. बाबांनी बॅग वर चढवली. आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "पोचली का फोन कर. अन् उपाशी नको राहू वं." बस हलली. दोन्ही बाजूंना तरवड असा पिवळाधमक फुलला होता की आदिलाबाद येईपर्यंत मी बाहेरच बघत होते.

पुण्यात प्रयोगशाळेतली नोकरी, मग लग्न, मग सोसायटीतला फ्लॅट. इथल्या नर्सरीत तरवड मागितला तर माळी हसला. "ताई, तो माळावर फुकट उगवतो, विकत कोण नेणार?" एकदा गावाहून रोप उपटून आणलं. सोटमूळ तुटलेलं, दोन दिवसांत वाळलं.

बाबा गेले आणि आई एकटी पडली. मी तिला पुण्याला घेऊन यायचे, पण आठवडा झाला की ती पिशवी भरायची. "इथं मी काय करू सांग? खिडकीतून गाड्या पाहू?" नार्नूरच्या घरात ती एकटी, या विचाराने माझी झोप उडायची.

मागच्या वर्षी तिला आणायला गेले तेव्हा वाटेवरच्या तरवडाच्या वाळक्या शेंगा तोडून घेतल्या. पुण्यात आल्यावर तिच्या हातात ठेवल्या.

"तरवड काऊन लावून राह्यली? तो तं आपल्या मनानं येते!" असं म्हणाली खरी, पण लगेच पदर खोचला.

बी टणक असतं. आम्ही ते खरखरीत दगडावर घासलं आणि रात्रभर पाण्यात ठेवलं. मूळ सरळ खाली जातं म्हणून रंगाची उंच बादली घेतली, तळाला भोकं पाडली. मातीत मुरूम आणि वाळू मिसळली. बाल्कनीत ऊन पुरेना, म्हणून बादली गच्चीवर नेली. मी सारखी पाणी घालायला जायचे आणि आई ओरडायची, "माती वाळू दे आधी! लाडानं सडवशील त्याले."

मग एका सकाळी जिन्यातून तिची हाक आली, "निघालं वं! निघालं!" मी तोंडात ब्रश तसाच ठेवून वर धावले. दोन इवली पानं! आम्ही दोघी बादलीशी उकिडव्या बसून बघतच राहिलो. वीतभर झाल्यावर आईने शेंडा खुडला. माझा जीव हलला, पण बाजूने फांद्याच फांद्या फुटल्या. पिशवी भरायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

यंदा पावसाळा सरताना फांद्यांच्या टोकांना घोस लागले. कपडे वाळत घालायला आलेली करीमनगरची शेजारीण किंचाळलीच, "तंगेडु! एन्नि रोजुलैंदम्मा चूसि!" किती दिवसांनी दिसलं म्हणे! नवरात्रात फुलांचे थर लावून बतुकम्मा रचायला तिला हेच फूल हवं असायचं, आणि इतकी वर्षं ती झेंडूवर भागवत होती. आईने आठवडी बाजारात शिकलेल्या तेलुगूत उत्तर दिलं. दोघी अशा रंगल्या की ओले कपडे बादलीतच राहिले. पुण्यात आईला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बतुकम्माच्या संध्याकाळी आईने स्वतः फुलं तोडून दिली. "अर्धे ठेवा, बी पायजे," असंही बजावलं. खाली बायकांनी फेर धरला, शेजारणीने तिला हाताला धरून आत ओढलं, आणि माझी आई टाळ्या वाजवत फिरू लागली! तेवढ्यात उटनूरच्या मावशीचा फोन आला. आई एका कानात बोट घालून ओरडली, "घरी हाये वं, घरी! मंग बोलतो!"

दुसऱ्या दिवशी मावशीने मला फोन केला. भलतीच तापली होती. "नार्नूरले जाऊन आली मी. दाराले कुलूप! तुही माय तं घरी हाये म्हने?"

आई तेव्हा गच्चीवर शेजारणीला बी कसं घासायचं ते दाखवत होती.

"हाये ना मावशी," मी म्हणाले, "घरीच हाये."