बिनमास्कची कॅचर

"तो खाली ठेव. तुला नाही तो."

सर एवढंच म्हणाले. मास्क माझ्या हातात होता, अजून तोंडापर्यंत गेलाही नव्हता. मैदानावर चौदा पोरी उभ्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. मी तो सुनंदापुढे धरला. तिनं हात पुढे केला नाही, ती नुसती थांबली. मग मी मास्क मातीवर ठेवला, दोन पावलं मागे सरले, आणि तिनं वाकून उचलला. मांगवाड्यातल्या पोरीशी देण्याघेण्याची शाळेत हीच रीत होती. कुणाला शिकवावी लागत नव्हती.

मी आठवीत होते. सॉफ्टबॉलच्या संघात कॅचर होते. कॅचर म्हणजे बॅट धरणारीच्या मागे उकिडवी बसून समोरून येणारा प्रत्येक बॉल अडवणारी. बॅट हुकली की बॉल थेट तिच्याकडे येतो. बॅटला चाटून आला तर कुठून कुठं वळेल ते देवालाही सांगता येत नाही. म्हणून तिच्या तोंडावर लोखंडी गजांचा मास्क असतो. ही चैन नाही. ज्यांनी हा खेळ काढला त्यांनाही दात प्यारे होते.

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून आमच्या औशात पेढे वाटले होते. नवा कलेक्टर, नव्या पाट्या, नवी कचेरी. पाऊस तेवढा नव्हता. सलग दुसरं साल कोरडं चाललं होतं. मैदानाला भेगा पडल्या होत्या, बॉल भेगेत आपटून कुठंही उडायचा. माझी माय रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. आणि याच दिवसांत नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिला संघ निवडायचा होता. सरांना त्यात आमच्या शाळेच्या पोरी घालायच्या होत्या. ते कुठल्याशा शिबिरात दहा दिवस हा खेळ शिकून आले होते. शाळेकडे दोन बॅटी होत्या, सहा ग्लोव्ह होते आणि मास्क एकच होता. तो सुनंदाच्या वडिलांनी दिला होता. मोंढ्यात त्यांची आडत होती. मास्कला हळदकुंकू लावून, नारळ फोडून तो शाळेत आणला होता.

सुनंदाही कॅचरच होती. पण बॉल आला की ती डोळे मिटायची. पोरगी वाईट नव्हती, भित्री होती. मी डोळे मिटत नव्हते. म्हणून सामन्यात मी बसायचे आणि मास्क सुनंदाच्या मांडीवर बसायचा.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर सरांनी मला बाजूला बोलावलं. रागावले नाहीत. उलट मायेनं बोलले.

"हे बघ, मास्कनं पोरी भित्र्या होत्यात. तू वाघीण हायस. तुझी माय दिवसभर खडी फोडती, कपच्या उडत्यात. ती घालती का मास्क?"

आणि मी ते खरं मानलं. मला किळस येते ती याची. त्यांनी मला खाली ढकललं असतं तर मी कधीतरी चावले असते. त्यांनी मला वाघीण म्हटलं आणि मी शेपूट हलवली. घरी येऊन मायला सांगितलं, मला मास्क लागत नाही. बाकीच्यांना लागतो.

निलंगा, अहमदपूर, उदगीर. जिथं सामने होते तिथं आम्ही गेलो. माझं नाव झालं. बिनमास्कची पोरगी. लोक मुद्दाम मागे उभे राहून बघायचे, डोंबाऱ्याची पोर दोरीवर चढल्यावर बघतात तसे. पंच कुठल्या ना कुठल्या शाळेचे मास्तरच असायचे, आमच्या सरांचे दोस्त. कॅचरनं मास्क घातलाच पाहिजे असा नियम होता. तो ज्या पुस्तकात होता ते पुस्तक सरांच्या पिशवीत होतं. हे मला फार पुढे कळलं.

उदगीरला बॉल बॅटला चाटून आला आणि तोंडावर बसला. मी बसल्या जागी मागे पडले. तोंडात खारट पाणी भरलं. थुंकले तर मातीत रक्त आणि समोरच्या दाताचा तुकडा. सर धावत आले. वाटलं, हात देतील. ते चार हातांवर थांबले आणि म्हणाले, "काय न्हाई झालं. ऊठ." मी उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांना मी हसले. रक्तानं भरलेल्या तोंडानं हसले.

घरी मायनं तोंड बघितलं. हळद दाबली. सर काय म्हणले ते विचारलं. मी सांगितलं, शाब्बास म्हणले. मायनं हळदीचा हात पदराला पुसला. मग म्हणाली, "बैल इकताना बी पाठीवर थापच मारत्यात, बाई."

मला तिचा राग आला. अडाणी बाई, हिला खेळातलं काय कळतंय.

जिल्ह्याचा संघ म्हणून आमच्याच शाळेच्या पोरी निवडल्या गेल्या. नांदेडच्या विभागीय सामन्यांना पंधरा दिवस असताना मास्कचा पट्टा तुटला. आमच्या भागात दुसरा मिळेना. माझा बा दोर वळायचा. घायपाताचा वाख असो की सूत असो, पंचक्रोशीत त्याच्या हाताला तोड नव्हती. एका दुपारी सर आमच्या वस्तीच्या कडेला आले. सायकलवरून पाय खाली टेकवला, उतरले नाहीत. मास्क बाच्या पुढ्यात मातीत टाकला.

"किसन, पट्टा वळून दे याला. जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल हाय."

बाचा चेहरा फुलला. जिल्ह्याची इज्जत आपल्या दारात आली म्हणून त्यानं हात धुऊन काम घेतलं. पोरींच्या केसांत अडकू नये म्हणून वाख नको म्हणाला, मऊ सूत काढलं. तीन पदरी पट्टा वळला. आता मापाला डोकं पाहिजे होतं. घरात पोरीचं डोकं माझंच होतं. त्यानं मास्क माझ्या तोंडाला लावला आणि मागे गाठ घातली.

पहिल्यांदा. इतके सामने कॅचर होते आणि मास्क पहिल्यांदा तोंडाला लागला, तोही बापाच्या मापासाठी. गजांना गंजाचा वास होता, आतल्या गादीला सुनंदाच्या खोबरेल तेलाचा. दिसत सगळं होतं. बानं गंमत म्हणून सुताचा गुंडा माझ्या तोंडावर फेकला. तो गजावर आपटून खाली पडला. बा हसला. मीही हसले. मग शाळेनं टाकून दिलेला जुना बॉल आणून दिला, म्हटलं, हा फेक. त्यानं घाबरत घाबरत फेकला. जोरात फेक म्हटलं. त्यानं फेकला. खण्णकन वाजलं. काही झालं नाही. परत फेक. परत काही झालं नाही. डोळे मिटले नाहीत, मान हलली नाही.

मी भित्री झाले नव्हते. उलट बॉल पहिल्यापेक्षा नीट दिसत होता. मग सर काय म्हणत होते? माझी जीभ तुटक्या दातावर गेली आणि तिथंच राहिली.

नांदेडला एस.टी.नं निघालो. छातीवर 'लातूर' लिहिलेले निळे शर्ट घातले होते. सुनंदा माझ्या पुढच्या बाकावर, तिच्या मांडीवर मास्क. पट्टा बाच्या हातचा. पण आतली गादी वेगळी दिसली. लाल मखमलीचं नवं कापड शिवलेलं. मी विचारलं, हे कधी केलं?

सुनंदा सरळपणे म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला आजही मान्य आहे.

"तुमच्या वस्तीत राहून आला ना, म्हणून आईनं आतून बदलला. पट्टा ऱ्हाऊ दिला. तो मागं असतोय."

बापाचे हात चालले. त्यानं वळलेला पट्टा चालला, कारण तो मागे असतो. तोंड तेवढं चालत नव्हतं. माझा श्वास, माझा घाम, माझी थुंकी चालत नव्हती. वाघीण वगैरे काही नव्हतं. लोखंड बाटू नये म्हणून माझा दात गेला होता. अहमदपूरच्या स्टँडवर मी उतरून ओकले. सर म्हणाले, गाडी लागली असेल. गाडी लागली नव्हती.

नांदेडचा पंच पांढऱ्या टोपीतला काटकुळा माणूस होता, कुणाचा दोस्त नव्हता. मी प्लेटमागे, बॅटवालीच्या पाठीशी, बसले तसं त्यानं खेळ थांबवला. मास्क कुठे, म्हणाला. सर पुढे झाले. तिला सवय नाही, ती अशीच खेळते, असं हसत सांगितलं. पंच हसला नाही. म्हणाला, मग तिला बाहेर बसवा.

सर क्षणभरही थांबले नाहीत. मला बोटानं बाहेर काढलं आणि सुनंदाला आत पाठवलं. मास्क मला देणं हा साधा उपाय होता. त्यापेक्षा त्यांना हरणं परवडलं. सुनंदानं मास्क घातला आणि सवयीप्रमाणे डोळे मिटले. बॉल मागे जात राहिले. नांदेडच्या पोरी पळत राहिल्या. त्यांच्या चार धावा झाल्या. डाव संपला तशी सुनंदा रडत आली आणि मास्क बाकावर ठेवून लांब जाऊन बसली.

आमची बॅटिंग झाली. परत मैदानात जायची वेळ आली. मी उठले, मास्क उचलला, तोंडाला लावला, मागे बाच्या पट्ट्याची गाठ आवळली आणि प्लेटमागे जाऊन बसले.

सर धावत आले. दात खाऊन हळू बोलले, पंचाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"काढ ते. लोकाची वस्तू हाय."

"न्हाई काढत."

"नाव कापीन तुझं."

"कापा."

पंचानं विचारलं, बदली आहे का, हो की नाही सांगा. सगळं मैदान थांबलं होतं. नाही म्हणायला सरांना फक्त कारण सांगायचं होतं. औशात जे कारण न बोलता सगळ्यांना कळत होतं, ते नांदेडात मोठ्यानं बोलून दाखवायचं होतं. मग ते हो म्हणाले. तेवढ्यात माझ्या मनातली अहो-जाहो संपली. त्या माणसाला मी पुन्हा कधी मनातून सर म्हटलं नाही.

बॉल दोनदा गजांवर आपटला. आम्ही एका धावेनं हरलो. निघताना सामान आवरलं तेव्हा मास्क मैदानातच पडून होता. सुनंदानं त्याच्याकडे बघितलं, त्या माणसानंही बघितलं. कुणी उचलला नाही. संघाचा एकुलता एक मास्क. माझं तोंड लागलं म्हणून तो आता नुसतं भंगार झाला होता. मी तो पिशवीत टाकला. पुढच्या आठवड्यात माझं नाव कापलं गेलं. बोलल्याप्रमाणे. तेवढा तो शब्दाचा पक्का होता.

नांदेडच्या वसतिगृहात राहून मी शिकले आणि पुन्हा खेळले. आता कंधारच्या एका शाळेत मी खेळ शिकवते. माझ्या संघात कॅचरलाच नाही, बॉल टाकणाऱ्या पिचरलाही मास्क आहे, बेसवर उभ्या राहणाऱ्या पोरींनाही आहे. बॉल जवळून येतो, पोरींचे दात कोवळे असतात, एवढं कारण मला पुरतं. परवा एका पोरीचे वडील चारचाकीतून आले. म्हणाले, "मॅडम, एवढं झाकून पोरी भित्र्या व्हत्यात." मी तोंड उघडून त्यांना माझा तुटका दात दाखवला. ते गाडीकडे वळले.

त्यांच्यामागे दुसऱ्या एका पोरीच्या आई उभ्या होत्या. गोड बोलल्या. मास्कला त्यांची हरकत नव्हती. फक्त त्यांच्या मुलीसाठी वेगळा आणतील, नाव घालून देतील, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. हायजीनचा प्रश्न आहे ना, म्हणाल्या.

हायजीन. शब्द नवा, साबणाच्या वासाचा. मला त्यातही तोच जुना वास आला. कदाचित त्यांच्या मनात तसं काही नसेल. सुनंदाच्याही नव्हतं. मला आता कुणाच्या मनात काय आहे ते तपासत बसायचं नाही. मी त्यांना सांगितलं, आमचे मास्क एका पोत्यात असतात. त्यांवर नावं नसतात. रोज साबणानं धुतो, सगळ्यांसाठी धुतो. हाताला येईल तो घालायचा. काल जो वडारवाड्यातल्या पोरीनं घातला तो आज तुमची मुलगी घालेल, आणि तुमच्या मुलीनं घातलेला उद्या वडारवाड्यातली पोरगी. मास्क नसेल तर खेळ नाही. दुसरीच्या घामाचा मास्क तोंडाला लावायचा नसेल तरी खेळ नाही. तुमची मुलगी माझी सगळ्यात चांगली पिचर आहे. ती नसली तर आम्ही हरू. चालेल. मी हरेन.