एकोणीस पुस्तकं आणि एक वही

गेल्या रविवारी माझ्या हातून एक गोष्ट झाली. कुणाला सांगायची लाज वाटतेय, म्हणूनच इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

मंडईजवळ आमचं एक छोटं वाचनालय आहे. तिथे महिन्यातून एकदा आमचा वाचनकट्टा भरतो. यावेळचा विषय मीच सुचवला होता... सगळ्यात जास्त पुस्तकं कुठल्या लोकप्रिय गायक-वादकावर? ज्याच्या घरी जे असेल ते आणायचं, मोजायचं, आणि शेवटी मी सगळी नावं माईकवर वाचायची. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण हजेरी घ्यायची हौस काही फिटत नाही.

ग्रुपवर सूचनाही मीच टाकली. 'पुस्तक आणावे. पीडीएफ, झेरॉक्स चालणार नाही. कारणे सांगू नयेत.'

टेबल छान भरलं. विलायतेतल्या त्या चार पोरांच्या बँडवरचीच सात पुस्तकं निघाली. आयटीतला एक मुलगा सॅकमधून एकेक काढतच होता. हिंदी सिनेमातल्या एका गायिकेवर पाच, आपल्या भावगीतवाल्यांवर सगळे मिळून चार, बाकी किरकोळ तीन. मी लगेच सुनावलं, आपल्या लोकांना गाणी फुकट ऐकायला हवीत, लिहायला मात्र वेळ नाही! सगळे हसले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात रुखसाना आली. जवळच बांगड्यांचं दुकान आहे तिचं, वाचनालयाची जुनी सभासद. तिने पिशवीतून एक दोनशेपानी वही काढली. खाकी कव्हर, त्यावर निळ्या शाईत 'माझे अब्बा, गफूर मास्तर.'

तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पेठांमधल्या किती वराती वाजवल्या असतील, त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांच्यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून दुकान सांभाळून, त्यांना विचारून विचारून तिनेच लिहिलं होतं.

आणि मी काय म्हणावं? "अहो, ही वही आहे, पुस्तक नव्हे. आणि आपण लोकप्रिय वादक मोजतोय ना?"

"बरं, मॅडम," एवढंच म्हणाली ती. वही टेबलाच्या कडेला ठेवली आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. फोन दोन्ही हातांनी माझ्याकडे धरून होती. मला वाटलं माझं शूटिंग करतेय... मी पदर सारखा केला!

मग मी यादी वाचली. नाव आणि पुस्तकं किती, अशी खणखणीत. एकोणीस झाली. वहीचं नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या, चहा आला. टेबलावर जागा नव्हती, म्हणून थर्मास मी त्या वहीवर ठेवला. हो, मीच.

कप घेऊन मागे गेले, तर रुखसानाच्या फोनमधून आवाज आला. "बेटा, मेरा नाम आया क्या?"

व्हिडिओ कॉल होता. खाटेवर एक थकलेले गृहस्थ बसले होते, अंगात बँडचा लाल कोट, इस्त्री केलेला. घरी बसून माझी अख्खी यादी ऐकत होते... आपल्या नावासाठी.

"आया ना अब्बा," ती म्हणाली. "बीचमेंच रेंज गयी. सबने ताली बजायी."

माझ्या दुसऱ्या हातात अजून माईक होता. लोक अजून बसलेले होते. दोन शब्द बोलायचे होते फक्त... पण चूक झाली म्हणायला जीभ उचलेना. एरवी किती चालते!

वहीवरून थर्मास उचलला, तर नेमका मास्तरांच्या नावावर ओला गोल डाग. शाई फुटली होती. नीट करून देते म्हणून मी वही घरी आणली आणि संध्याकाळी वाचायला बसले.

कुठल्या गल्लीत कुठलं गाणं तीनदा वाजवायला लावायचे, पावसात क्लॅरिनेट कोटाच्या आत कसं धरायचं, सगळं होतं तिच्यात. एके ठिकाणी लिहिलंय, बँडवाल्यांना पंगतीत बसवत नसत, पानं बाहेर यायची. एका नवरीच्या आईने मात्र सगळ्यांना आत बसवून स्वतः वाढलं होतं. त्या बाईचं नाव मास्तरांना अजून पाठ आहे.

मी उठून माझ्या लग्नाचा अल्बम काढला. वरातीचे फोटो आहेत. बँडवाल्यांचे कोट दिसतात... चेहरा एकाचाही नाही.

बुधवारी नवं कव्हर घालून वही परत द्यायला रुखसानाच्या घरी गेले. माफी मागायची, असं जिन्यात दोनदा घोकलं होतं. पण मीच काही बोलायच्या आत मास्तर शुद्ध पेठी मराठीत म्हणाले, "या बाई. परवा रेंज गेली हो, नेमकी माझ्याच नावाला. बाकी सगळं स्वच्छ ऐकू आलं. पुन्हा एकदा वाचता का?"

त्यांच्या मागे रुखसाना उभी होती. तिने हळूच मान हलवली... सांगू नका.

मग मी उभी राहिले आणि पहिल्यापासून सगळी यादी म्हटली. ती चार पोरं, ती गायिका, भावगीतवाले, सगळे. शेवटी म्हटलं, "गफूर मास्तर, पुस्तक एक." त्यांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. मग म्हणाले, "आत्ता नीट आलं."

चहा प्यायले. तिथे बशीसुद्धा वहीपासून लांब ठेवली मी. माफी काही मागितली नाही.

मास्तर फेसबुकवर नाहीत, म्हणून धीर करून इथे लिहितेय. त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये रेंज फुल होती.