चुन्याखालचा पुढारी

"पेंटर, ते मोठं डोकं पुसून टाका," अण्णा सकाळीच दारात येऊन म्हणाले. "सरकार पडलं की त्याचं. रेडिओवर सांगितलं."

ते डोकं जर्मनीच्या सरकारप्रमुखाचं होतं. माझ्या अंगणात, पत्र्याच्या बोर्डावर, चांगलं हातभर रुंद. तेलरंग वाळून खडखडीत झाला होता आणि तिकडच्या पाहुण्या बाई दुपारी यायच्या होत्या.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. ऑफिसांचे बोर्ड रंगवून हात दुखायचे, पण पाऊस रुसलेला. औशाकडच्या गावांत विहिरींचा तळ दिसत होता. त्यातल्याच एका गावात माझी थोरली बहीण, आपा, दिलेली. जर्मनीतल्या एका जुन्या, मोठ्या पक्षाशी जोडलेली संस्था बोअर मारून देणार होती. कोणत्या गावात, ते ठरवायला त्या पक्षाच्या एक बाई येणार होत्या. आपाचं गावही पाहणार होत्या. स्वागताचा बोर्ड अण्णांचा. अण्णा म्हणजे आमचे तालुक्याचे पुढारी.

आमच्या धंद्यात एक कायदा असतो. जो वर, त्याचा चेहरा मोठा. खालचे त्या मानानं लहान. यात बोटभर चूक झाली तरी बोर्ड उतरवायला लावतात. म्हणून मी कॉलेजच्या सरांना विचारायला गेलो. त्यांच्याकडं तिकडची मासिकं होती. सरांनी एकेक फोटो दाखवला. हा दाढीवाला फार जुना, मरेपर्यंत अध्यक्ष राहिला. हा थोड्याच काळात पायउतार झाला. मधे पक्षावरच बंदी आली, तेव्हा पुढाऱ्यांनी परदेशात राहून पक्ष चालवला. आताचा अध्यक्ष हा, आणि त्याच पक्षाचा सरकारप्रमुख तो.

"म्हणजे दोघं?" मी विचारलं. "मग मोठा कोण?"

"पक्षात हा, सरकारात तो."

"आणि बोर्डावर?"

सर चष्मा पुसत बसले. मला तर गंमतच वाटली. एका पक्षाला दोन डोकी, आणि तरी गाडी चाललेली. शेवटी अण्णांनी निकाल दिला: ज्याच्या हातात सरकार, तो मोठा. तसं मी रंगवलं, आणि आता सरकारच गेलं.

"अण्णा, तेलरंग हाय. खरवडला तर पत्रा दिसंल," मी म्हणालो.

"मग चुना मारा. पडलेला माणूस बोर्डावर बघून बाई बिघडल्या तर बोअर दुसऱ्या गावाला जाईल."

आपाचं गाव डोळ्यांपुढं आलं. मी चुना मारला. डिंक मात्र घातला नाही. डिंक नसला तर चुना तेलरंगाला धरत नाही, ओल्या फडक्यानं निघतो. चेहरा चांगला उतरला होता, कायमचा घालवायला मन होईना.

बोर्ड आपाच्या गावात नेऊन उभा केला. दुपारी बाई आल्या. वय झालेलं, पायात साधे बूट. हार घेतला आणि सरळ बोर्डापुढं जाऊन उभ्या राहिल्या. एका बाजूला लहानसा अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला मोठा पांढरा गोळा. इथं कोण होतं, त्यांनी विचारलं. सर दुभाषे होते. त्यांनी अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी माझ्याकडं. मी खरं तेच सांगितलं.

बाई थोडा वेळ बोलल्या. सरांनी सांगितलं, "त्या म्हणतात, त्याचं पद गेलं, माणूस पक्षातच आहे. बाईंना तो बघायचाय."

अण्णा घाईनं म्हणाले, "धुवा, धुवा."

मी कोरडं फडकं फिरवलं. नुसते पांढरे फराटे पडले. पाणी पाहिजे होतं. पण सांडायला पाणी कुणाच्याच घरी नव्हतं, साऱ्या गावात कुणी जागचं हललं नाही. आता हा बोर्ड बोअर घालवणार असं वाटलं.

तेवढ्यात आपा घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. तळाला थोडं पाणी, फडक्यातून गाळूनही गढूळच.

"घे," ती म्हणाली. "सकाळी तळ्याच्या झऱ्यावरनं आणलंय. पोरांचं हाय, ती आता सांजच्याला पितील."

बाईंनी सरांना विचारलं, काय म्हणाली. सरांनी सांगितलं. मी फडकं बुडवायला वाकलो, तर बाईंनी तांब्यावर हात ठेवला. एकच वाक्य बोलल्या.

"म्हणतात, तो आधीच पडलाय, त्याला तहान नाही. पाणी पोरांना द्या."

मग त्यांनी झरा बघायचा हट्ट धरला. उन्हात आपाच्या मागं चालत गेल्या. अण्णांना छत्री धरून मागं पळावं लागलं. बोर्डाकडं परत कुणी पाहिलं नाही.

बोअर आपाच्या गावातच पडला. पाणी लागलं त्या दिवशी आपानं मला बोलावून घेतलं, बादली भरली आणि फडकं हातात दिलं. बोर्ड अजून तसाच उभा होता. मी चेहरा धुतला. एक पापणीसुद्धा गेली नव्हती.

पुढं आयुष्यभर कितीतरी पुढारी रंगवले आणि पुसायच्या ऑर्डरीही तेवढ्याच आल्या. मी चुना मारतो. डिंक घालत नाही.