वीज सोसायटीची शेवटची यादी

आमच्या भागात वीज सहकारी सोसायटीची होती, हे हॉस्टेलवरच्या मुलींना खरं वाटत नसे. दुधाची सोसायटी असते, कर्जाची असते, विजेची कुठं असते का, असं त्या विचारत. मलाही ते नीट समजावून सांगता येत नसे. पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगरपट्ट्यातल्या काही गावांनी माझ्या जन्माच्या आधी कधीतरी भागभांडवल गोळा करून ती काढली होती. सोसायटी मोठ्या कंपनीकडून घाऊक वीज घ्यायची आणि स्वतःच्या पोलांवरून, स्वतःच्या तारांवरून घरोघर आणि शेतोशेत पोचवायची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तिचे लाइनमन होते. लहानपणी मला वाटायचं की वीज अण्णाच देतात. गावातल्या बऱ्याच लोकांनाही तसंच वाटत असावं, कारण लाइट गेली की शिव्या अण्णांना पडत.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला बीडला होते, तेव्हा ही सोसायटी त्या मोठ्या कंपनीत विलीन करायचं ठरलं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. विहिरींना पाणी नव्हतं, त्यामुळे पंप बंद होते आणि बिलं थकली होती. तारा जुन्या झाल्या होत्या, डीपी, म्हणजे पोलांवरचे ट्रान्सफॉर्मर, जळत होते आणि जळलेला डीपी बदलायची ताकद सोसायटीत उरली नव्हती. शेवटच्या सभेला अण्णा गेले होते. घरी येऊन त्यांनी चप्पल काढली आणि ओट्यावर बसले.

"आदी चहा गार हाय म्हणून बी सभेत भांडणं व्हायची," ते म्हणाले. "ह्या बारीला कुणी तोंड उघडलं न्हाई. हात वर केले अन् उठले. दमलेत लोक."

विलीनीकरणाचा धडा तेव्हाच आम्हाला कॉलेजात शिकवून झाला होता. एक संस्था दुसरीत विलीन झाली की तिचे हक्क आणि तिच्या जबाबदाऱ्या नव्या संस्थेकडे जातात, असं मी वहीत उतरून घेतलं होतं आणि खाली दोनदा रेघ मारली होती. आमच्या घरात तोवर कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. पुस्तकात एखादी गोष्ट आहे म्हणजे ती बाहेरही तशीच असणार, असा माझा समज होता.

कंपनीनं सोसायटीकडून यादी मागवली. प्रत्येक पोल, प्रत्येक डीपी, त्यावरून कशाला वीज जाते आणि ती कोणाच्या मंजुरीनं, हे सगळं लिहून द्यायचं होतं. सोसायटीच्या कचेरीतल्या नकाशाला वाळवी लागलेली. खरा नकाशा अण्णांच्या डोक्यात होता, पण त्यात आकडे नव्हते. त्यात बाभळीचा डीपी होता, बैल पडला तो पोल होता, दोन भावांच्या बांधावरचा पोल होता. मॅनेजर अण्णांना म्हणाले, "तुमची लेक कॉलेजात हाय ना? तिला घ्या की लिवायला." मी दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेलीच होते. मला मनातून फार बरं वाटलं.

आम्ही सकाळी भाकरी बांधून निघायचो. अण्णा पुढं आणि त्यांच्या मागं मी, एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात पिवळ्या रंगाचा डबा. अण्णा पोलाचं नाव सांगायचे, मी पोलावर नंबर रंगवायचे आणि रजिस्टरात एक ओळ भरायचे. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपुढून जाताना एकानं हाक मारली.

"काय लाइनमन, पोलाला हळद लावायली का लेक?"

"लावायली," अण्णा न थांबता म्हणाले. "लगीन ठरलंय. मोठ्या घरी द्यायचेत."

"मंग हुंड्यात काय देताय?"

"तुज्या पंपाच्या तारा."

टपरीवर सगळे हसले. अण्णांना मी त्या दिवसांत तेवढंच मोकळं बोलताना ऐकलं.  प्रत्येक पोलाजवळ आल्यावर ते त्याला एकदा हात लावत आणि पुढं होत.

पाचव्या दिवशी आम्ही डोंगराच्या कडेच्या वस्तीवर गेलो. तीसेक घरं असतील. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं होती, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं राहिली होती ती म्हातारी माणसं, थोडी लेकरं आणि एका म्हातारीची मेंढरं. त्या म्हातारीच्या जागेत वस्तीचा एकुलता बोअर होता. त्याच्यावरच्या मोटरीला वीज यायची ती शेतीच्या डीपीवरून. मीटर नव्हता, मंजुरीचा कागद नव्हता. मागं एका दुष्काळात सोसायटीच्या सभेत कोणीतरी उभं राहून म्हणालं होतं की वस्तीला पाणी पाहिजे, तेव्हा चेअरमननी अण्णांकडं बघून मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तार ओढली. ठराव एवढाच.

त्या डीपीला दोन्ही भार पेलत नसत. वस्तीची मोटर चालू असेतोवर खालच्या शेतांची लाइन बंद ठेवावी लागे, आणि ते बटण खिंडीत होतं, वस्तीपासून चांगलं लांब. वस्तीवर मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून अण्णांनी आणि त्या म्हातारीनं एक रीत ठरवली होती. टाकी आणि मेंढरांचा हौद भरला की तिनं पोलाला पांढरं फडकं बांधायचं. अण्णा खिंडीतून ते बघायचे आणि शेतांची लाइन सुरू करायचे. इतक्या वर्षांत फडक्यावरून कधी चूक झाली नव्हती. अण्णांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, असं मला आता वाटतं.

म्हातारीनं आम्हाला अर्धा अर्धा तांब्या पाणी दिलं. मी रजिस्टर उघडलं तशी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"काय लिवायली गं?"

"यादी आहे आजी. सोसायटीची."

"आमच्या मोटरीचं बी लिवायली?"

"हो. सगळ्यांचंच लिहायचंय."

"लिव मंग," ती म्हणाली आणि मेंढरांकडं गेली. मी एवढंच सांगून तिला वाटेला लावलं.

कशासाठी पुरवठा, या रकान्याशी मी थांबले. अण्णांनी पोलाला हात लावला होता आणि ते निघायच्या बेतात होते.

"शेती लिव," ते म्हणाले.

"पण ही शेती नाही ना, अण्णा."

"तेवढं मला बी कळतं."

"मग खोटं कशाला? खरं लिहिलं तर कंपनीला ही मोटर चालू ठेवावी लागेल. जबाबदारी त्यांच्याकडे जाते. उलट पक्कं होऊन जाईल."

"कोण म्हणतं असं?"

"पुस्तकात आहे."

अण्णा पोलावरच्या फडक्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बग बाई. तू शिकलीस. मला आपलं पोलावर चडायचं कळतं." मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं की पिण्याच्या पाण्याची मोटर, सभेच्या तोंडी निर्णयाने, मंजुरी नाही, मीटर नाही. पुढं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की पुरवठा चालू राहणे आवश्यक. हा शेरा लिहिल्यावर आपण वस्तीचं काहीतरी भलं केलं, असं मला वाटलं. संध्याकाळी अण्णांनी प्रत्येक पानाखाली सही केली. त्यांना वाचायला वेळ लागतो. त्यांनी वाचलं नाही.

हस्तांतरणाच्या दिवशी मी बीडला होते, पहिल्या सत्राची परीक्षा जवळ आली होती. अण्णांनी फोनवर सांगितलं की नारळ फुटला, जुनी पाटी उतरवली, कंपनीच्या साहेबांनी यादी चाळून ती कोणी लिहिली म्हणून विचारलं. "माज्या लेकीनं, म्हणलो," अण्णा म्हणाले. त्यांना कंपनीनं कामावर ठेवून घेतलं होतं. खाकी शर्ट जाऊन निळा आला होता.

पुढं महिन्याभरानं एका दुपारी त्यांचा फोन आला. ते दुपारी कधी फोन करत नाहीत.

"त्या वस्तीची तार काडली आज," ते म्हणाले.

"कोणी?"

"मीच. साहेबाचा हुकूम व्हता."

  मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी मी गावी गेले आणि तिथून कचेरीत. खोली सोसायटीची तीच होती, वाळवीची भिंतही तीच. साहेब तरुण होते आणि आवाज न चढवता बोलत होते. मला वाटलं होतं की ते उर्मट असतील आणि मग मला भांडता येईल. त्यांनी कपाटातून माझी यादी काढली.

"यादी तुमचीच ना? फार व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "खरं सांगू का, जिथं शेती लिहिलंय तिथं आम्ही जाऊन बघितलेलंही नाही. इथं तुम्हीच लिहून दिलंय की मंजुरी नाही. वाचल्यावर मला न वाचल्यासारखं करता येत नाही. उद्या तिथं कोणाला शॉक बसला तर पहिल्यांदा मला विचारतील."

"पण जबाबदाऱ्या तुमच्याकडे येतात ना, सर?"

"कागदावरच्या येतात."

त्यांनी मला नव्या जोडणीचा फॉर्म दिला. बोअर ज्याच्या जागेत आहे त्याच्याच नावानं अर्ज हवा, त्यानं समोर येऊन सही किंवा अंगठा द्यायला हवा, मग मंजुरीला फार वेळ लागणार नाही, असं ते म्हणाले. शेरा वाचला का, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अण्णा फॉर्म घेऊन वस्तीवर गेलो. मेंढवाडा रिकामा होता. दाराला काटेरी फांदी आडवी लावलेली होती. शेजारच्या घराच्या सावलीत एक म्हातारा बसला होता. तो अण्णांना म्हणाला, "गेली की ती. चार दिस झाले. गोदाकाठाकडं गेली मेंढरं घेऊन."

"टँकर येतो ना पर?" अण्णांनी विचारलं.

"येतो की. माणसापुरता. मेंढराला कोण टँकर देतंय?" मग तो माझ्याकडं वळला. "तू ती पोलावर आकडे काडणारी का?"

मी मान हलवली.

"लई झाक काडलेत," तो म्हणाला. तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं.

पोल तिथंच होता, त्यावर माझा नंबरही. फडकंही तसंच बांधलेलं होतं. जाताना तिनं मुद्दाम सोडलं नव्हतं किंवा तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. अण्णांनी हात वर करून ते सोडलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. परतीच्या वाटेवर मी त्यांना म्हणाले, "तुमचं ऐकायला पाहिजे होतं." ते म्हणाले, "मी तरी कुठं नीट सांगितलं?"  मला अण्णांची दया आली नाही, रागही आला नाही. फक्त दमल्यासारखं झालं, जसं सबंध गाव त्या वर्षी दमलेलं होतं.

फॉर्म माझ्या वहीत राहिला. गुढीपाडव्याच्या सुमाराला ऊसतोडीची माणसं परत आली, तेव्हा मी पुन्हा जाऊन आले, पण जागा म्हातारीची, तिच्याशिवाय अर्ज होत नव्हता. ती उन्हाळाभर आली नाही. वस्ती टँकरवर राहिली. बायका ड्रम मांडून ऊन डोक्यावर घेऊन बसायच्या. मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली. विलीनीकरणावर प्रश्न आला होता. मी तो सोडून दुसरा लिहिला.

पेरणीच्या दिवसांत अण्णांनी सांगितलं की म्हातारी परत आली. मी अण्णांच्या सायकलवर मागं बसून वस्तीवर गेले. मेंढरं कमी झालेली नुसत्या नजरेला कळत होती. किती गेली, हे मी विचारलं नाही. तिनं मला ओळखलं. मी तिला काय झालं ते सांगायला लागले, यादीचं, रकान्याचं, शेऱ्याचं. सांगताना माझंच मला पटत नव्हतं, तरी मी सांगत राहिले. तिनं मध्येच हात वर करून मला थांबवलं.

"तू लिवलंस ते चांगलं की वाईट, मला न्हाई कळत," ती म्हणाली. "पर मी तुला इचारलं व्हतं, काय लिवायली. तू मला सांगितलं का?"

"नाही."

"कावून न्हाई सांगितलं?"

मी वही उघडून फॉर्म शोधू लागले. तुम्हाला कळणार नाही असं वाटलं, हे खरं उत्तर होतं.

"सांगितलं असतंस तर मी म्हणली असती, शेती लिव. मेंढरं बी शेतीतच चरतेत."

अण्णा खाली बघून थोडं हसले. मी फॉर्म काढला आणि शाईचा पॅड उघडून तिच्यापुढं धरला. तिनं हात पुढं केला नाही.

"आदी वाच."

मी तिचं नाव, गावाचं नाव, जागेचा गट नंबर वाचला.

"मागं बी लिवलेलं दिसतंय."

"त्या अटी आहेत, आजी. सगळ्या फॉर्मवर असतात."

"वाच."

मी फॉर्म उलटा केला. अक्षर बारीक होतं आणि ते मीही तोवर वाचलेलं नव्हतं. मेंढरं हौदाशी येऊन उभी राहिली होती आणि हौद कोरडा होता. मी पहिल्या अटीपासून सुरुवात केली. प्रत्येक अट वाचून झाली की ती म्हणायची, "म्हंजे?" मग मी तिच्या बोलीत सांगायचे. दोन अटी मलाही कळल्या नाहीत. त्या साहेबांना विचारून येते, असं मी तिला म्हणाले.

"जा मंग," ती म्हणाली. "इचारून ये. अंगठा कुठं पळून चाललाय."

अण्णांनी सायकल वळवली. मी मागं बसले, फॉर्म वहीत ठेवला आणि आम्ही कचेरीकडं निघालो.