मॉरीनच्या खुंटीवरचा हिरवा स्वेटर

शिरीषचा फोन आला तेव्हा मी आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरत होते. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "किती वाजता?"... माझी धाकटी बहीण गेली होती आणि मला आधी वेळ हवी होती. रिया, निखिल, तुम्ही दोघं कॉलेजसाठी इतक्या लांब, तुम्हाला फ्युनरलला येता आलं नाही. कुसुमआजी कशी होती, असं तुम्ही नंतर फोनवर विचारलंत आणि "फार प्रेमळ" असं सांगून मी मोकळी झाले. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं आज लिहिते.

कुसुम नागपुरात एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. शिरीष चार वर्षांचा होता. मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवत होते, महिला मंडळांत स्त्रियांच्या प्रगतीवर भाषणं देत होते. तिच्या हातातल्या बांगड्या मीच उतरवल्या. तेराव्यानंतर कपाटही मीच आवरलं. हिरव्या साड्या बाजूला काढल्या, कारण हिरवा सवाष्णीचा रंग, तिला आता काय उपयोग! दोन चांगल्या होत्या, त्या मी घरी नेल्या. कुसुमही घड्या घालू लागली माझ्याबरोबर.

पुढे शिरीष ओहायोतल्या डब्लिनला स्थिरावला आणि तिला कायमचं घेऊन आला. मी इकडे शॉमबर्गला, तुमच्या बाबांकडे. मार्चमध्ये तुमचे बाबा सहा-सात तास ड्राइव्ह करून आपल्या सगळ्यांना तिच्याकडे न्यायचे, कारण त्या गावात आयरिश लोकांच्या संताची, सेंट पॅट्रिकची, मिरवणूक निघते. त्याची गोष्ट आपल्याला सांगितली ती शेजारच्या मॉरीनने. तिचे आजी-आजोबा आयर्लंडचे, आणि तीही कुसुमसारखीच एकटी. सोळाव्या वर्षी लुटारूंनी या पॅट्रिकला घरातून पळवून समुद्रापलीकडे, आयर्लंडमध्ये नेऊन गुलाम केलं, सहा वर्षं त्याने मेंढ्या राखल्या, मग पळाला, आणि मोठेपणी आपणहून त्याच लोकांत परत गेला. "परत कशाला गेला वेडा?" कुसुम म्हणाली. त्या संताची खूण म्हणून लोक मिरवतात तो तीन पानांचा शॅमरॉक बघून तर तिला हसूच आवरेना. "अगं ताई, हे आपलं बेलाचं पान की गं! आणि या संताने साप सगळे हाकलून दिले म्हणे. मग नागपंचमीला हे लोक करतात काय?" मी मॉरीनला ते इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगू? त्या बेटावर साप कधी नव्हतेच."

त्या दिवशी हिरवं न घालणाऱ्याला चिमटा काढायची रीत आहे. दोन हजार दोनचा तो मार्च. निखिल, तू बारा वर्षांचा होतास. रस्त्याच्या कडेला उभे असताना तू कुसुमच्या दंडाला चिमटा काढलास आणि ओरडलास, "कुसुमआजी, नो ग्रीन!" मॉरीन धावत घरी गेली आणि एक हिरवा लोकरी स्वेटर घेऊन आली. कुसुमने तो घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, एक चुकीच्या काजात गेलं. बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "कशी दिसते गं, ताई?"

मी चेहरा हसरा ठेवला, मॉरीनला कळू नये म्हणून. हळूच म्हणाले, "शोभतं का हे, कुसुम? शिरीषच्या ऑफिसातले आपले लोक आहेत इथे. काय म्हणतील?"

तिने एकेक बटण काढलं. थंडी चांगली बोचरी होती. राखाडी शालीत ती शेवटपर्यंत उभी राहिली. रिया, तू विचारलंस, "आजी, तिने का काढला?" मी म्हटलं, "तिला उकडतंय."... माझ्या कोटाखालून हिरव्या नारायणपेठच्या निऱ्या दिसत होत्या. नागपूरच्या कपाटातल्या दोनांपैकी एक. बँडवाले पुढे गेल्यावर कुसुम तिकडे बघत एवढंच म्हणाली, "छान राहिली गं नारायणपेठ."

तीन वर्षांनी तुमचे आजोबा गेले. मी हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या नाहीत. काळ बदलला, हे हल्ली कोण पाळतं, असं माझं मलाच सांगितलं. भेटायला आलेले कुणी काही बोलले नाहीत. कुसुम आली, तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "असू देत हं, ताई. माझ्या काढल्यास तेवढ्या पुरे." टोमणा असता तर मी उलट काही बोलले असते. पण तिला टोमणे मारता येत नव्हते. माफी मागायची ती वेळ होती. मी चहा टाकायला उठले.

कुसुम गेली तेव्हा तिला नेसवायची शेवटची साडीही मीच निवडली, बिस्किटी रंगाची. नंतर चौथ्या दिवशी, मॉरीनने जेवण पाठवलं होतं ते भांडं परत द्यायला तिच्याकडे गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी, खुंटीवर तो स्वेटर. कोपरांवर विरलेला. "रोज सकाळी यायची," मॉरीन म्हणाली. "आली की आधी स्वेटर, मग चहा. निघताना परत खुंटीवर."

"घरी का नाही नेला?"

मॉरीनने भांडं फडताळात ठेवलं. "म्हणायची, माझी बहीण येते."

मी वर्षातून फार तर दोनदा जायचे. तेही चार-चार दिवस... सहा वर्षं ती रोज हिरवळ ओलांडून परक्या घरी जाऊन तासभर हिरवं घालत होती आणि आपल्या घरी राखाडी होऊन परतत होती. भाषणं मी दिली होती.

मॉरीनने स्वेटर काढून माझ्यापुढे धरला. "तुम्ही न्या. तुमच्या बहिणीचा आहे." कॉलरला खोबरेल तेलाचा वास होता, खिशात दोन वेलदोडे. माझे हात सवयीने घडी घालू लागले. बाह्या आत दुमडल्या, आणि थांबले. घडी मोडली, स्वेटर झटकला आणि परत खुंटीवर अडकवला. कुसुमचं माझ्या कपाटात आधीच पुष्कळ आहे.