सुशीलाबाईंचा नकाशा आणि आमचा पूल

आमच्या कार्यालयाचं नाव मी लिहिणार नाही, माझं तर नाहीच. अजून चार वर्षं मला तिथेच नोकरी करायची आहे. मी बाबू आहे एवढं पुरे. कागदावर सही साहेबांची असते आणि मजकूर माझा. या मजकुरांपायी मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका बाईसमोर मान खाली घालून उभा राहिलो, तीच गोष्ट सांगतो.

सुशीलाबाई हिरडी गावच्या आशा कार्यकर्त्या. वय पन्नाशीला आलेलं, शिक्षण सातवी, चाल अशी की मागून मोटारसायकल आली तरी बाजूला होणार नाहीत. हिरडी गाव नाल्याच्या अलीकडे आणि हिरडीटोला पलीकडे, एकतीस घरांचा पाडा. उन्हाळ्यात त्या नाल्यातून शेळ्या चरत जातात. पावसाळ्यात तो असा फुगतो की टोला पंधरा-पंधरा दिवस जगापासून तुटतो. म्हणून दरवर्षी ज्येष्ठ लागला की सुशीलाबाई टोल्यातल्या दिवस भरत आलेल्या बायांना अलीकडे आणतात. ज्यांचं अलीकडे कोणी नाही त्यांना स्वतःच्या घरी ठेवतात. यासाठी त्यांना कोणी आदेश दिलेला नाही, त्यामुळे आमच्या कार्यालयाला ते माहीतही नाही.

तीन वर्षांपूर्वी गोंदियाच्या कॉलेजातले हिमांशू सर आशांना नकाशा शिकवायला आले होते. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून लोकांनी मिळून केलेला फुकट नकाशा असतो, त्यात मोबाइलवरून कोणालाही भर घालता येते. सरांनी नियम एकच सांगितला, जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच टाकायचं. बाकीच्या आशांनी पोहे खाल्ले आणि घर गाठलं. सुशीलाबाईंनी तो नियम गळ्यात ताईत बांधावा तसा बांधून घेतला. दोन उन्हाळे त्या टोल्यात फिरल्या आणि घर, हातपंप, शेताच्या धुऱ्यावरची पायवाट सगळं नकाशात टाकलं. एका घरापुढे लिहिलं, ‘कुत्रा चावतो, बाहेरून हाक मारा.’ नाल्याच्या जागी लिहिलं, ‘पाण्यातून वाट. पावसाळ्यात बंद.’ पूर्वी टोल्याचा पत्ता विचारत भलत्याच गावात पोचणारा अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर भूपेंद्र आता हाच नकाशा पाहून गाडी चालवतो.

मग वरून आदेश आला की तालुक्याचा सुविधा नकाशा करा, त्यावरून नव्या पुलांची यादी ठरेल. हिमांशू सर धावत आले. तयार नकाशा आहे, फुकट घ्या, फक्त करणाऱ्यांचं नाव खाली राहू द्या, असं म्हणाले. आमचे साहेब खुर्चीत मागे रेलले.

“कोणीही टाकतं, कोणीही बदलतं. याला आधार काय?”

आधार हवा म्हणून नागपूरची एक एजन्सी आली. तिची दोन पोरं दोन दिवस आमच्या सभागृहात लॅपटॉप उघडून बसली. नाल्यापर्यंत तर सोडाच, ती पानठेल्याच्या पुढेही गेली नाहीत. महिन्याभराने गुळगुळीत कागदावर चार रंगांत नकाशा आला, त्यावर आमचा शिक्का आणि एजन्सीचं बोधचिन्ह. मी टेबलावर पसरून पाहिला, तर हिरडीटोल्याच्या बाजूला ठळक अक्षरांत, शासनाच्या शिक्क्यानिशी छापलं होतं, ‘कुत्रा चावतो, बाहेरून हाक मारा.’ ज्याला आधार नव्हता तोच नकाशा त्यांनी उचलला होता, फक्त करणाऱ्यांची नावं तेवढी खरडून काढली होती. न वाचता छापणारे आणि न वाचता पैसे देणारे एकमेकांना बरे भेटले. मी पोट धरून हसलो.

हसणं लवकरच थांबलं. नाल्यावर पूल दाखवला होता. मी एजन्सीला फोन केला, तर पोरगं म्हणालं, “सर, रस्ता इकडेही आहे, तिकडेही आहे, म्हणजे मध्ये पूल असणारच ना.” आणि पूल आहे म्हणून हिरडीटोल्याचं नाव नव्या पुलांच्या यादीतून उडालं.

चौथ्या दिवशी सुशीलाबाई माझ्या टेबलासमोर होत्या.

“बाबूजी, आमच्या नाल्यावर पूल कधी बांधला जी?”

“नकाशात चूक झाली आहे, बाई.”

“मंग बदला ना. माह्या नकाशात दोन मिनटं लागतेत.”

“आमचा अंतिम झाला.”

“अंतिम झाला म्हनून खोटाच ठेवता? कायले?”

मी त्यांना साहेबांकडे नेलं. चूक कबूल केली असती तर एजन्सी कोणी आणली हा प्रश्न निघाला असता. साहेबांनी त्यातून अशी वाट काढली की मी मनात हात जोडले. पूल आहे असं रेकॉर्ड सांगतं ना? मग तो नादुरुस्त दाखवायचा आणि दुरुस्तीच्या नावाखाली नवा बांधून घ्यायचा. अडचण एवढीच की जिल्ह्याचे तपासणी अधिकारी मोबाइलवर तोच फुकटचा नकाशा उघडून खात्री करतात. बिनआधाराच्या नकाशाचा आता आधार हवा होता.

“बाई, तुमच्या नकाशात तिथे मोडका पूल दाखवा,” साहेब गोड आवाजात म्हणाले. “दोन्ही नकाशे जुळले की काम झालं. पूल तुमचाच होणार आहे.”

टोल्यातल्या हर्षाला तेव्हा पाचवा महिना होता, पहिलटकरीण, दिवस ऐन भर पावसात भरणार. एक खूण आणि पूल. मला वाटलं, टाकतील. मी असतो तर चार पूल टाकले असते.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “भूपेंद्र गाडी आनते, थो माहा नकाशा पाहून. पूल दाखवला तं भर पुरात गाडी घालन थो. तुमच्या नकाशावर फाइल चालते, माह्या नकाशावर गाडी चालून राहिली. जो पूल पाह्यलाच नाई, थो मी काऊन टाकू?”

साहेबांचा गोडवा संपला. “देख लो बाबू, इनको पुल नहीं चाहिए.”

प्रस्ताव त्यांच्याशिवायच गेला. मी टाइप केला. तपासणीवाले मे महिन्यात आले, नाला कोरडा ठणठणीत होता. त्यांची जीप रेतीतून सरळ पलीकडे गेली आणि परत आली, मोबाइल कोणी खिशातून काढलाच नाही. अहवालात लिहिलं, ‘वाहतूक सुरळीत, किरकोळ दुरुस्ती आवश्यक.’ किरकोळ दुरुस्ती जूनमध्ये मंजूर झाली आणि जूनमध्येच संपली. असलेली वस्तू दुरुस्त करायला वेळ लागतो, नसलेली लगेच दुरुस्त होते. नाल्याच्या काठी बोर्ड लागला, त्याचाही मजकूर माझाच.

ऑगस्टमध्ये फाइल बंद करायला त्या बोर्डाचा फोटो हवा होता, म्हणून मला हिरडीला पाठवलं. नाला तुडुंब भरून वाहत होता. काठावर सुशीलाबाई उभ्या होत्या आणि शेजारी हर्षा, डोक्याला फडकं बांधलेली, छत्रीखाली बारा दिवसांचं बाळ घेऊन. तिला ज्येष्ठातच सुशीलाबाईंनी आपल्या घरी आणून ठेवलं होतं. पलीकडच्या काठावर तिचा नवरा उभा होता. तो हात हलवत काहीतरी ओरडत होता, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. हर्षाने बाळ छत्रीबाहेर काढून दोन्ही हातांनी उंच धरलं. बापाने लेकीला पहिल्यांदा पाहिलं ते असं, इतक्या लांबून की डोळे दिसले नसतील.

मी फोटो न काढताच परत फिरणार होतो, तेवढ्यात सुशीलाबाईंनी मोबाइल काढला.

“बाबूजी, चष्मा नाई आनला आज. काय लिवलं हाये बोर्डावर, वाचा जरा.”

मी वाचलं. “‘हिरडी ते हिरडीटोला. नाल्यावरील पुलाची दुरुस्ती. काम पूर्ण.’”

“मोठ्यानं वाचा जी. हर्षाले आयकू नाई आलं.”

मी मोठ्याने वाचलं. हर्षा बोर्डाकडे पाहत होती. सुशीलाबाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि हा मजकूर कोणाचा हे त्यांना ठाऊक आहे, हे मला कळलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांनी मान डोलावली आणि मोबाइलवर बोट टेकवलं. मी वाकून पाहिलं. नाल्याच्या काठी एक नवी खूण उमटली होती. खाली त्यांनी चष्म्याशिवायच लिहिलं, ‘बोर्ड आहे. पूल नाही. पावसाळ्यात वाट बंद.’

“बोर्ड पाह्यला,” त्या म्हणाल्या, “म्हनून टाकला.”

मग त्यांनी बाळ पदराखाली घेतलं आणि हर्षाला घेऊन घराकडे निघाल्या.