दोन कण्हेरी

आईनं पदरातली पानं माझ्या बायकोपुढे ओतली. "तरोट्याची भाजी होय, बाई. लसूण टाकून कर." देठं खुडलेली, पानं झटकून साफ केलेली, सगळं नेटकं. फक्त पानं तरोट्याची नव्हती, गुलाबी कण्हेरीची होती. एक ती चघळतही होती. मी तिच्या तोंडात बोट घालून ते काढलं, तर ती मला कडकडून चावली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं मला शिव्या दिल्या.

आईला विसर पडायला लागून बराच काळ झाला होता. माणसं ती विसरली, पण भाजी निवडायची कशी ते हात विसरले नव्हते.

अंगणात आमच्या दोन कण्हेरी. फाटकाशी पिवळी आणि बोरिंगजवळ गुलाबी. पिवळीच्या बिया विषारी, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. गुलाबी मात्र महादेवाला वाहायची, म्हणून तिच्यावर कोणी संशय घेतला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, झाडं वेगळी, नाव तेवढं एक. पण विष दोन्हींत, पानाफुलापासून काडीपर्यंत.

आई वाचली. घरी आणली तर शेजारचे काका म्हणाले, "पिवळी तोड. गुलाबीले कायले हात लावतं? देवाची होय ते." गोंदियाच्या नर्सरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणे, "शोभा का पेड़ है, कुछ नहीं होता." असा संताप आला! तुझ्या आईला खाऊ घाल मग.

तरी मला ती गुलाबी तोडवेना. मी भोवती तारेचं कुंपण घातलं. आईनं पीळ उकलून तार नीट गुंडाळून ठेवली आणि पुन्हा पानं खुडायला बसली. बायको एवढंच म्हणाली, "आता झाडं राहतील नाही तर आई."

हातमोजे घालून मी दोन्ही मुळासकट उपटल्या. जाळायच्या नाहीत, धूरही वाईट. कुंपणापलीकडे टाकाव्या तर शेजाऱ्याच्या शेळ्या. बांधाला खोल खड्डा करून पुरल्या. मग रागाच्या भरात, ज्याची खात्री नाही ते सगळंच काढत सुटलो. क्रोटन गेलं, कोचईची अळवाची पानं गेली, आईनं कुठून कुठून मागून आणलेल्या शोभेच्या वेली गेल्या. तुळस तेवढी ठेवली. खड्ड्यावर माती ओढताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

संध्याकाळी आई पायरीवर येऊन बसली. उघड्या अंगणाकडे बराच वेळ बघत राहिली. मग मला परका समजून हळूच विचारलं,

"काऊन गा बाबू, या घरची बाई मेली का?"

"नाही," मी म्हणालो. "आहे."

"मंग अंगण असं कायले ठेवलं तिनं?"